जुनं घर बिल्डरलाच देऊन नवीन घर घ्यावं का? (इंग्लंड, पार्ट एक्स्चेंज)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. तीन बेडरूमचं सेमी (शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेलं घर) आहे. मुलं मोठी झाली, सासूबाई वर्षातले काही महिने इथे असतात, जागा पुरत नाही. जवळच नवी वसाहत उभी राहते आहे, तिथलं चार बेडरूमचं डिटॅच्ड (सुटं) घर पसंत पडलंय. किंमत ४ लाख ५० हजार पाउंड.

आम्ही शोहाउसमधून (नमुन्याच्या घरातून) बाहेर पडतोय तोच सेल्स ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "सध्याचं घर विकायचंय का? आम्हीच घेतो की." एजंटची फी नाही, चेनची (एकाचं घर विकलं तरच पुढच्याचं विकलं जाईल अशा साखळीची) भानगड नाही, नवीन घर तयार होईपर्यंत जुन्यातच राहा, एकाच दिवशी किल्ल्यांची अदलाबदल. ऐकायला फारच गोड.

आमच्या घराचे दोन एजंटांनी ३ लाख १० हजार सांगितलेत. बिल्डरची ऑफर २ लाख ९० हजारांची. नवरा म्हणतो, वीस हजार गेले तर गेले, डोक्याला ताप नको. मला ते पटत नाहीये. कुणी असा व्यवहार केलाय का? ऑफर वाढवून मिळते का? आणि कागदोपत्री कुठे अडकायला होतं?

टेम्सकर

घेऊन टाका. तुमची चेन अजून तुटलेली दिसत नाही.

खट्याळ

ही तर बोहारीण हो! तीन जरीच्या साड्या घेणार आणि हातावर एक स्टीलचा डबा टेकवणार. वर "ताई, झाकण पण देतेय" म्हणणार.

गोदाकाठ

टेम्सकरांशी सहमत. आमचं घर उघड्या बाजारात लावलं तेव्हा गिऱ्हाईक पटकन मिळालं. सर्व्हे झाला, सर्च (घराच्या कागदपत्रांची सरकारी चौकशी) झाले, दोन्हीकडच्या सॉलिसिटरांची पत्रापत्री झाली, आम्ही खोकी भरायला घेतली. मग कळलं की आमच्या गिऱ्हाइकाचं घर जो घेणार होता त्याची नोकरी गेली. तो मागे फिरला, आमचा माणूस मागे फिरला आणि आम्हाला जे घर घ्यायचं होतं तेही गेलं. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच कुणाला बांधील नसतो, हे वाचून माहीत होतं, तेव्हा अनुभवलं. सॉलिसिटर आणि सर्व्हेचे पैसे पाण्यात.

दुसऱ्या खेपेला पार्ट एक्स्चेंज केलं. बिल्डरने नेमलेले दोन स्थानिक एजंट येऊन गेले. लेझरने खोल्या मोजल्या, एकाने बाथरूमच्या खिडकीखाली ओल तपासायचं यंत्र टेकवलं, लॉफ्टमध्ये डोकावला. आठवड्याभरात लेखी ऑफर आली. ती आमच्या अपेक्षेपेक्षा कमीच होती, पण त्यानंतर व्ह्यूइंग, म्हणजे घर बघायला गिऱ्हाइकं येणं, नाही! पाहुणे यायच्या आधी फोडणीचा वास जावा म्हणून भर जानेवारीत सगळ्या खिडक्या उघडून कुडकुडत बसणं ज्यांनी केलंय त्यांना विचारा या सुखाची किंमत.

हिशेबनीस

पाऊलवाट, तुम्ही वीस हजारांवर अडलात, पण तो आकडा बाजूला ठेवा. बिल्डर तुमच्या घराला किती देतो याला एकट्याने काही अर्थ नाही. तो ऑफर वाढवून नव्या घराची सवलत काढून घेऊ शकतो. तुमच्या खिशातून वर किती जाणार, तेवढंच बघायचं.

बिल्डरच्या मार्गाने: ४,५०,००० वजा २,९०,०००, म्हणजे वरचे १,६०,०००.

आता स्वतः विकून. समजा ३,१०,००० आले. एजंटची फी सव्वा टक्का, त्यावर २० टक्के व्हॅट, मिळून ४,६५०. हातात ३,०५,३५०. आणि आता तुम्ही बिल्डरकडे जाता ते विकायला घर नसलेलं गिऱ्हाईक म्हणून. अशा गिऱ्हाइकाने नव्या घराच्या किमतीत घासाघीस करायची असते. पार्ट एक्स्चेंजवाल्याला बहुधा छापील किंमत लागते. पंधरा हजार सुटले असं धरू, तर ४,३५,००० वजा ३,०५,३५०, म्हणजे वरचे १,२९,६५०.

फरक ३०,३५०. स्टँप ड्यूटीही ७५० ने कमी पडेल. तुमच्या यजमानांच्या वीस हजारांच्या मनःशांतीचं बिल एकतीस हजारांच्या घरात जातं.

पाऊलवाट

बाप रे. नवीन घराच्या किमतीत घासाघीस करता येते हेच डोक्यात आलं नव्हतं. माहितीपत्रकावर आकडा इतका ठळक छापलेला असतो की तो कोरून ठेवल्यासारखा वाटतो.

खट्याळ

डब्याचीही किंमत करायची असते ताई, नुसती साड्यांची नाही.

मीनल_के

हिशेबनीस, गणित बरोबर, पण धरून चाललेले आकडे सगळे एकाच बाजूला झुकलेत. एजंट ३ लाख १० हजार म्हणतो ते घर त्याच्याकडे यावं म्हणून. ते सांगायचे झाले, मिळायचे नव्हेत. सर्व्हेनंतर गिऱ्हाईक बॉयलर आणि छपराच्या नावाने आणखी खाली ओढतं. ३ लाख २ हजार धरा. तुमचीच सव्वा टक्का फी, म्हणजे व्हॅटसह दीड टक्का, धरून ४,५३० गेले, हातात २,९७,४७०. नव्या घरात तेच पंधरा हजार सुटले तरी वरचे १,३७,५३०. फरक साडेबावीस हजार. आणि बिल्डर पंधराऐवजी पाचच सोडणार असेल तर फरक साडेबारावर येतो.

शिवाय वेळ. नवीन घर बुक केलं की बहुतेक बिल्डर चार ते सहा आठवड्यांत करारांची अदलाबदल मागतात. तेवढ्यात उघड्या बाजारात घर विकून सगळे कागद पुरे होणं कठीणच. म्हणजे आधी घर विका, सहा महिने भाड्याने राहा, सामान गोदामात टाका, मुलांची शाळा सांभाळा. हा खर्च तुमच्या ताळेबंदात कुठे आहे?

हिशेबनीस

मान्य, ३ लाख १० हजार जरा उदार धरले. भाड्याचा मुद्दाही बरोबर. पण पद्धत बदलत नाही. दोन्ही मार्गांनी वरचे पैसे काढा आणि मग ठरवा. फरक बारा हजारांचा आला तर मीही बिल्डरला देऊन मोकळा होईन. तीस आला तर नाही.

मधला मार्गही आहे. बऱ्याच बिल्डरांकडे "असिस्टेड मूव्ह" असते, प्रत्येकाचं नाव वेगळं. घर उघड्या बाजारातच विकलं जातं, एजंटची फी बिल्डर भरतो, एजंटाच्या मागे तोच लागतो आणि तुमचं नवीन घर ठरावीक काळ राखून ठेवतो. सेल्स ऑफिसात ते आपणहून सांगतीलच असं नाही, विचारावं लागतं.

नवखा

चांगला धागा. एक बाळबोध शंका. स्टँप ड्यूटी फक्त वरच्या १ लाख ६० हजारांवर लागेल ना? म्हणजे ७०० पाउंडात काम होईल. हा फायदा कुणी धरलाच नाही.

आजोबा_लीड्स

नाही रे बाबा, असं असतं तर सगळं इंग्लंड घरांची अदलाबदल करत बसलं असतं. ड्यूटी नव्या घराच्या पूर्ण किमतीवर. एप्रिल २०२५ पासून पहिल्या सव्वा लाखावर शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के. साडेचार लाखांवर २,५०० अधिक १०,०००, एकूण १२,५००. सवलत मिळते ती बिल्डरला. २००३ च्या फायनान्स ॲक्टमध्ये तशी तरतूद आहे. तुमचं जुनं घर तो घेतो त्यावर अटींत बसल्यास त्याला ड्यूटी लागत नाही. म्हणून तर त्याला हा धंदा परवडतो.

तुमचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. जुनं घर विकायच्या आधी नवीन ताब्यात घेतलं, तर त्या दिवशी तुमच्या नावावर दोन घरं होतात आणि वर ५ टक्के अधिभार बसतो. साडेचार लाखांवर साडेबावीस हजार. तीन वर्षांत जुनं राहतं घर विकलं तर परत मागता येतो, पण तोवर भरायला हवेत ना! पार्ट एक्स्चेंजमध्ये दोन्ही व्यवहार एकाच दिवशी उरकतात, म्हणून तो प्रश्न येत नाही.

स्कॉटलंड आणि वेल्सचे कर निराळे. तिकडच्यांनी माझे आकडे उचलू नयेत.

सह्याद्रीवारा

आमच्याकडे पुण्यात बिल्डर "जुना फ्लॅट द्या, नवा घ्या" म्हणतो तेव्हा बहुधा त्याचा ब्रोकर तुमचा फ्लॅट विकून देतो, बिल्डर स्वतः घेत नाही. शिवाय बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, पन्नास लाखांच्या वर १ टक्का टीडीएस, कलम ५४ ची मुदत...

टेम्सकर

सह्याद्रीवारा, यावर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो. इथे सुरू झालं तर पाऊलवाट ताईंचं घर राहील बाजूला आणि आपण पुनर्विकासावर भांडत बसू.

सह्याद्रीवारा

काढतो. पुनर्विकासावर भांडायला कधीही तयार.

कुंपणावरची_चिमणी

सगळे जुन्या घराच्या किमतीवर बोलताय, नव्या घराचं काय? आम्ही नव्या वसाहतीत राहायला आलो. समोर हिरवंगार लॉन अंथरलेलं. कोथिंबीर-मेथी लावू म्हणून कोपरा खणायला घेतला, तर वीतभर मातीखाली विटांचे तुकडे, प्लास्टरचे ढेकळे आणि एक अख्खा हातमोजा. आतली तऱ्हा सांगायची तर वरच्या बेडरूमचं दार घासत होतं, किचनच्या वर्कटॉपची कड उघडी, एका खिडकीला कुलूपच नाही. स्नॅगिंगच्या माणसाने (नव्या घरातल्या उणिवा शोधणाऱ्याने) केलेली यादी बघून साइट मॅनेजरचा चेहरा उतरला.

एनएचबीसी या नव्या घरांना वॉरंटी देणाऱ्या संस्थेची दहा वर्षांची वॉरंटी म्हणून बिल्डर छाती फुगवतो, पण त्यात पहिली दोन वर्षं दुरुस्ती बिल्डरने करायची असते. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत मुख्यतः पाया, भिंती, छप्पर अशी मोठी दुखणी. घासणारं दार तिसऱ्या वर्षी तुमचंच.

आणि वसाहतीचा देखभाल खर्च विचाराच. रस्ते आणि बागा काउन्सिलने (इथल्या पालिकेने) ताब्यात घेतल्या नसतील तर मॅनेजमेंट कंपनीला दर वर्षी पैसे भरावे लागतात, काउन्सिल टॅक्स वेगळा. फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकीचं घर असूनही. सीएमए या स्पर्धा नियामकाच्या फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं.

खट्याळ

हातमोजा डावा होता की उजवा?

कुंपणावरची_चिमणी

डावा. उजवा शेजाऱ्याकडे निघाला असावा.

ब्रिस्टलची_मावशी

आमचा फ्लॅट होता. आम्हीही मोठ्या हौसेने पार्ट एक्स्चेंज मागितलं. बिल्डरने इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या अग्निसुरक्षेचा ईडब्ल्यूएस१ फॉर्म विचारला, तो नव्हता, विषय संपला. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर फ्लॅटवाल्यांच्या वाट्याला हे आलंय. लीझ कमी उरली असेल, घर वेगळ्या पद्धतीने बांधलेलं असेल, तरी नकार मिळू शकतो. जुन्या घराची किंमत नव्याच्या साधारण ७० टक्क्यांच्या आत हवी, अशीही अट बऱ्याच ठिकाणी असते. पाऊलवाट, तुम्ही ६४ टक्क्यांवर आहात, त्यामुळे बसता.

वकीलवाडा

मूळ प्रश्न होता की कागदोपत्री कुठे अडकतं. कन्व्हेयन्सिंगमध्ये (घरखरेदी-विक्रीच्या कायदेशीर कामात) काम करतो, म्हणून लिहितो.

बिल्डर सॉलिसिटर सुचवेल, कदाचित फी भरायची तयारीही दाखवेल. तुम्ही तुमचा निवडू शकता, त्यावर तो अडवू शकत नाही. इथे तर तुम्ही एकाच माणसाचं घर घेताय आणि त्यालाच विकताय. तेव्हा दोन्हीकडे आपली बाजू बघणारा स्वतःचा माणूस हवा.

दोन्ही करार एकमेकांना बांधलेले हवेत. अदलाबदल एकाच वेळी आणि ताबाही एकाच वेळी. नवीन घर रखडलं तर जुन्या घराच्या ऑफरचं काय होतं, ते बारकाईने वाचा. काही मसुद्यांत ठरावीक तारखेनंतर बिल्डरला पुन्हा मूल्यांकन करायची मुभा असते. म्हणजे बांधकाम त्याचं लांबणार, बाजार पडणार आणि कमी किंमत तुमच्या पदरात. ते कलम काढून घ्यायला सांगा, निदान विलंब बिल्डरचा असेल तर मूळ किंमत कायम राहील असं लिहून घ्या. अंतिम तारीखही हवी, जिच्यानंतर डिपॉझिट घेऊन बाहेर पडता येईल.

मॉर्गेजची (गृहकर्जाची) ऑफर बहुधा सहा महिन्यांच्या आसपास टिकते. घर पायाच्याच पातळीवर असेल तर ती संपू शकते. सध्याचं मॉर्गेज फिक्स्ड (ठरावीक मुदतीसाठी एकाच दराचं) असेल तर ते नव्या घरावर नेता येतं का ते बँकेला विचारा, नाहीतर मुदतपूर्व फेडीचा दंड बसेल. तो एकाच फटक्यात इथल्या सगळ्या वादापेक्षा मोठा निघू शकतो.

आणखी एक. नव्या घरावर बिल्डरने काय काय सवलती दिल्यात, पार्ट एक्स्चेंज आहे का, हे सगळं त्याला बँकेच्या माहितीसाठी एका ठरलेल्या फॉर्मवर लिहावं लागतं. सवलती ठरावीक मर्यादेपुढे, बऱ्याच बँकांच्या बाबतीत ५ टक्क्यांपुढे गेल्या, तर बँक घराची किंमतच तेवढी कमी धरते. तेव्हा "हे फुकट, ते फुकट" ऐकून हुरळून जाऊ नका.

बिल्डर न्यू होम्स क्वालिटी कोड या बिल्डरांच्या आचारसंहितेत नोंदलेला असेल तर बुकिंगनंतर १४ दिवसांत मागे फिरता येतं, पैसे परत मिळतात. ताबा घेण्याआधी आपला माणूस नेऊन तपासणीही करता येते. चिमणीताईंच्या यादीचा माणूस तेव्हाच न्यावा.

मीनल_के

वकीलवाडा, पुनर्मूल्यांकनाचं कलम आमच्याही मसुद्यात होतं. सॉलिसिटरने एक ईमेल टाकली आणि त्यांनी ते मुकाट काढलं. विचारेपर्यंतच असतं.

नवखा

वाचनखूण साठवली.

आजोबा_लीड्स

एक युक्ती सांगतो. त्या बिल्डरने आधी पार्ट एक्स्चेंजमध्ये घेतलेली घरं पुढे कितीला विकली ते शोधा. ती पुन्हा बाजारात येतातच, जाहिरातीत बऱ्याचदा "पार्ट एक्स्चेंज प्रॉपर्टी, नो चेन" असं लिहिलेलं असतं. लँड रजिस्ट्रीच्या विक्रीच्या किमती सर्वांना बघायला खुल्या असतात. तुमच्याच गल्लीतलं एखादं सापडलं तर ऑफर वाढवायला त्याच्याइतकं चांगलं हत्यार नाही. माझ्या मुलीने तसा कागद टेबलावर ठेवला, तेव्हा समोरचा माणूस "मी वर विचारून येतो" म्हणून आत गेला.

आणि जायचं ते जून किंवा डिसेंबरच्या शेवटाला. कंपन्यांचे सहामाही आकडे जवळ आले की सेल्सवाले जरा मऊ पडतात.

टेम्सकर

आत जाऊन चहा पितात आणि तेच उत्तर घेऊन येतात, आजोबा.

आजोबा_लीड्स

तीन हजार घेऊन आला. चहा महाग पडला त्याला.

पाऊलवाट

मंडळी, धागा बरेच दिवस वर नव्हता, पण मी गप्प बसले नव्हते. आमच्या पलीकडच्या रस्त्यावरचं याच बिल्डरने घेतलेलं सेमी सापडलं, आमच्याएवढंच, फक्त कन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) नाही. ते ३ लाख ५ हजारांना विकलं गेलंय. प्रिंटआउट घेऊन गेलो. बाई आत गेल्या, बाहेर आल्या, ऑफर २ लाख ९८ हजार झाली. छापील किंमत मात्र एक पाउंडही हलली नाही. त्याऐवजी फ्लोअरिंग आणि मागच्या अंगणाचं लॉन देऊ म्हणाल्या.

असिस्टेड मूव्हचंही विचारलं. "ती योजना या प्लॉटला नाही." कोणत्या प्लॉटला आहे, तर ज्याला उत्तरेकडे अंगण आणि समोर सबस्टेशन आहे त्याला.

हिशेबनीस

म्हणजे वरचे १,५२,०००. फ्लोअरिंग आणि लॉनचे बाजारभावाने सहा-सात हजार धरा, तर १,४५,००० च्या आसपास. मीनल यांच्या हिशेबातली उघड्या बाजाराची बाजू १,३७,५३० होती. राहिले साडेसात हजार, त्यातून भाडं आणि गोदाम वजा करा. मी आता यजमानांच्या बाजूला.

मीनल_के

हिशेबनीसांनी बाजू बदलली, याची नोंद घ्यावी.

कुंपणावरची_चिमणी

लॉनऐवजी दीड फूट चांगली माती मागा. लेखी.

वकीलवाडा

फ्लोअरिंगही लेखी, आणि कुठल्या प्रतीचं ते नमूद करून. शिवाय जुन्या घरात काय ठेवणार आणि काय नेणार ते टीए१० फॉर्मवर नीट भरा. शेड, पडद्यांचे रॉड, कुकर. पार्ट एक्स्चेंज आहे म्हणून लोक हा फॉर्म हलक्यात घेतात आणि मग ताब्याच्या दिवशी बिल्डरचा माणूस शेड कुठे गेली म्हणून विचारतो.

पाऊलवाट

शेड राहू दे त्याला, दार घासतंच तिचं. पुनर्मूल्यांकनाचं कलम होतं, सॉलिसिटरने कालच पत्र पाठवलंय. मॉर्गेज नेता येतंय, पण वाढीव रकमेला नवा दर लागेल, तो आकडा उद्या येईल. तो कळला की इथे टाकते, हिशेबनीस, तुम्ही पुन्हा बाजू बदलू शकता.